गाद्याचा राहिलेला नारळ

म्हापसा

पेडण्याला जाणाऱ्याने शुक्रवारी म्हापशात उतरू नये. त्या दिवशी इथला आठवड्याचा बाजार भरतो आणि बसस्थानकाच्या तोंडापर्यंत माणसांपेक्षा टोपल्याच जास्त दिसतात. आधीच्या खेपांवरून मला हे माहीत होते. तरी मी शुक्रवारीच उतरलो, कारण थोडा उशीर झाला तर मला तो हवाच होता.

कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून केळी घ्यायला थांबलो. आमच्या सातारा भागात केळे म्हणजे केळे. इथे पाच-सहा जातींचे घड शेजारी शेजारी लटकत होते. मी सर्वांत मोठी, जाड सालीची केळी उचलली.

"पिकली आहेत ना?" मी विचारले.

"पिकल्यांत. पूण तशीं खावपाचीं न्हय," विकणारी बाई म्हणाली. "शिजवून, गोड घालून."

"आणि तशीच खाल्ली तर?"

"खायात. पोट तुमचें."

शेजारची सुक्या माशांवाली खदखदून हसली. मी तीच केळी घेतली.

मी कशासाठी निघालो होतो ते इथेच सांगून टाकतो. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मी तांत्रिक सहायक आहे. समुद्रातले सस्तन प्राणी, म्हणजे मुख्यतः डॉल्फिन, मरून किनाऱ्याला लागले की वनखात्याच्या परवानगीने त्यांच्या शरीरातून नमुने घ्यायचे, त्यांतले रोगजंतू वाढवायचे आणि त्यांची जनुके वाचायची, असे आमच्या विभागाचे काम आहे. जनुके वाचणारे आणि त्यांवर लिहिणारे शास्त्रज्ञ वेगळे. बोळे, बाटल्या आणि बर्फाची पेटी घेऊन किनाऱ्यावर जाणारा मी.

एका नावाचा जिवाणू सगळीकडे एकच नसतो. आडनाव एक, पण भावकी वेगळी, असा प्रकार असतो. एरिसिपेलोथ्रिक्स नावाचा एक जिवाणू आहे. तो माशांच्या बुळबुळीत अंगावर राहतो, डुकरांना आजारी पाडतो, डॉल्फिनला तर चार दिवसांत मारतो. पण माशावरचा वेगळा, डुकरातला वेगळा, आणि दोन डॉल्फिनमधलेही एकसारखे असतीलच असे नाही. माणसाला तो जखमेतून लागतो. बहुधा बोट सुजते, जांभळे होते आणि औषधाने बरे होते. क्वचित तो रक्तात उतरतो आणि हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतो.

या सगळ्या भावकीचा एक वंशवृक्ष काढून आम्ही प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला आहे. त्याच्या एका डहाळीला दोन टोके आहेत, एकमेकांना चिकटून. एकावर लिहिले आहे, 'डॉल्फिन, पेडणे'. दुसऱ्यावर, 'माणूस, पुरुष, मच्छीमार, पेडणे'. हा दुसरा नमुना एका रुग्णालयाने खात्री करण्यासाठी आमच्याकडे पाठवला होता. सोबतच्या कागदावर नाव नव्हते. वय होते, तालुका होता, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला जुनी जखम, एवढे होते. विभागात कोणालाच तो माणूस कोण हे कळण्यासारखे नव्हते. मला कळले. त्याचे बोट डॉल्फिनच्या दातावर फाटले तेव्हा मी समोर होतो, आणि त्याला तसे फाडून घ्यायला मीच लावले होते.

त्या वृक्षासमोर मी दोन वर्षे जा-ये करत होतो. तो माणूस जगला की गेला, हे मी विचारले नाही. आता तेच विचारायला निघालो होतो. तो असला तर त्याला, नसला तर त्याच्या बायकोला, जे घडले ते सांगायचे होते.

पार्से

पेडण्याकडची बस पार्शात थांबली ती थांबलीच. रस्त्याकडेच्या माडावर नारळ काढणारा पाडेली चढला होता, आणि त्याने तोडलेले नारळ थेट डांबरावर आदळत होते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. वरून थांबायला सांगणारा आवाज आला, "राव मरे! दोनच घोंस उरल्यात!"

माझ्या पुढच्या बाकावरची म्हातारी खिडकीतून ओरडली, "तुज्या दोन घोंसांपायीं माजी बस चुकतली रे!"

"बशीतच बसल्यात मगे, चुकतली कशी?" वरून उत्तर.

सगळी बस हसली. ड्रायव्हरने इंजिन बंद करून तंबाखू काढली. आमच्याकडे एवढ्यात दोन-चार शिव्या आणि एक बाचाबाची झाली असती. इथे लोकांनी आपापल्या गप्पा पुढे चालू केल्या. उतरून दोघांनी नारळ बाजूला लोटायला मदत केली. काजूच्या बागांवरून गार वारा येत होता. अंगणांतल्या तुळशी रंगवून झाल्या होत्या, उसाची कांडी टेकून ठेवली होती. तुळशीचे लग्न दोन दिवसांवर होते.

मला मात्र बस पुढे सरकली नसती तरी चालले असते.

किनारा

ज्या गावी मी गेलो त्याचे नाव लिहीत नाही. पेडणे तालुक्यातला किनारा आहे, एवढे पुरे. पर्यटकांच्या झोपड्या संपल्या की पुढे खाडीपर्यंत मोकळी वाळू आहे आणि तिथे अजून रापण लागते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे. उंचावर बसलेला एकजण पाण्याच्या रंगावरून मासळी ओळखून हात करतो, तशी होडी अर्धगोल फिरून जाळे टाकते, आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या धरून वीस-पंचवीस माणसे ते वाळूवर ओढतात. दोरीवर ज्याची जागा, त्याचा मासळीत वाटा. बापाची जागा पोराला मिळते. दोरी हातातून गेली म्हणजे माणूस गावात असून नसल्यासारखा होतो.

मी पोहोचलो तेव्हा ओढणे संपून मासळीची वाटणी चालली होती. सोनू तांडेल, म्हणजे या रापणीचा म्होरक्या, वाळूत उकिडवा बसला होता. सत्तरी ओलांडलेला, काष्टी नेसलेला. त्याने डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिले.

"गाद्याचे दोतोर न्हय रे तुमी?"

गादो म्हणजे डॉल्फिन. आणि दोतोर म्हणजे डॉक्टर, हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. मागच्या वेळी पांढरा कोट पाहून त्यांनी मला पहिल्या दिवसापासून दोतोर म्हटले, आणि मी एकदाही दुरुस्त केले नाही. खोटे बोलावे असे मनात नव्हते. पण वीस वर्षे लोकांनी मला 'जरा ती पेटी उचला' म्हणून हाक मारली होती. दोतोर ऐकायला बरे वाटले.

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायला मला दोन वर्षे आणि एक रेल्वे लागली होती.

"शाणू कुठे आहे?"

वाटणी करणारे हात थांबले. सोनूने एक बांगडा उचलून दुसऱ्या ढिगात टाकला.

"शाणू आतां ह्या दर्यार ना," तो म्हणाला.

मी वाळूतच बसलो. तो पुढे म्हणाला, "बायलेच्या माहेराक आसा. आमोण्या. थंय रावता."

जिवंत होता. मी जे ऐकले त्याचा अर्थ लागायला मला थोडा वेळ लागला. सोनू मात्र सांगत राहिला. त्या गाद्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी शाणूला ताप यायला लागला. संध्याकाळी यायचा, सकाळी जायचा. मलेरिया म्हणून औषधे झाली, टायफॉइड म्हणून झाली. शेवटी मोठ्या रुग्णालयात नेले, तिथे छाती उघडून काळजात नवी झडप बसवली.

"परत आयलो तेन्ना हाडां तेवडीं उरल्लीं," सोनू म्हणाला. "मगे आमी देवाक गाराणें घातलें."

गाराणे म्हणजे देवापुढे सगळ्यांनी मिळून मोठ्याने केलेली विनवणी. एकजण बोलतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. नंतर देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल घेतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"शाणून दोरयेक हात लावचो काय ना, म्हणून विचारलें. डावी पडली." सोनूने हात पुसले. "गाद्याक नारळ दिवचे पयलींच हात लायलो तेणें. ज्याच्या नदरेक गादो पयलो पडटा, तेणें नारळ दिवचो, मगे हात लावचो. आमच्या आज्या-पणज्यापसून आसा तें. माका वायट दिसता, दोतोर. धाकटेपणांतल्यान माज्या बगलेक दोरी ओडटालो तो. पूण देवान सांगलां."

तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस मला नीट आठवत होता. गादो पहाटे लागला होता. शाणूने तो पहिल्यांदा पाहिला आणि तो घरून नारळ घेऊन आला. नारळ त्याच्या हातात होता. वनखात्याचा माणूस पंचनामा लिहीत होता, ऊन चढत होते, आणि उन्हात नमुने खराब होतात. मी म्हणालो, "नारळ नंतर दे रे बाबा. आधी जबडा धर." त्याने नारळ बाजूला ठेवला. जबडा धरायला मी त्याला हातमोजे दिले नाहीत. माझ्या पिशवीत आणखी तीन जोड होते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या किनाऱ्यावर लागतील म्हणून मी ते राखून ठेवले होते. दातावर बोट फाटले तेव्हा त्याने मला दाखवले आणि विचारले, "दोतोर, हें कितें करूं?" मी म्हणालो, "खाऱ्या पाण्यात धू. काही होत नाही."

हे सगळे त्या वाळूत बसल्या बसल्या सोनूला सांगता आले असते. मी सांगितले नाही. आधी शाणूला सांगावे, असे मी स्वतःला पटवले. सोनूच्या सुनेने मला जेवायला बसवले. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातली आमटी, तळलेली नीरफणसाची कापे आणि सोलकढी. हे लिहायला लाज वाटते, पण मी दोनदा भात घेतला.

आमोणे

दुसऱ्या दिवशी म्हापशाला परत येऊन डिचोलीची बस घेतली, तिथून आमोणे. समुद्राच्या गोव्यातून निघून तासा-दीड तासात माणूस वेगळ्याच मुलखात येतो. लाल मातीच्या कडा, खनिजाचे ट्रक गेलेले रुंद रस्ते, आणि मग एकदम उतरण होऊन मांडवीच्या काठची सपाट शेते. नदीत एक बार्ज इतकी सावकाश चालली होती की ती नांगरलेली आहे असे मला आधी वाटले. शेतांत मिरची आणि वांगी लावलेली होती. इथे माणसे भरती-ओहोटीवर शेती करतात, हे मी पहिल्यांदा पाहिले. खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा बांध असतो आणि बांधात लाकडी दारे. त्याला मानस म्हणतात. भरतीला ती दारे मिटतात, ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडतात. दारांवर लक्ष ठेवायला माणूस लागतो. आमोण्याच्या एका मानशीवर तो माणूस शाणू होता.

तो बांधावर प्लास्टिकच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसला होता. मी त्याला पाठीवरून ओळखले नाही. पूर्वी त्याच्या पाठीला रुंदी होती.

"शाणू," मी म्हणालो.

तो वळला. जरा वेळाने हसला. "दोतोर! बसात, बसात." तो उठून मला खुर्ची द्यायला लागला. मी बसलो नाही. तोही बसला नाही. दोघे उभे राहिलो. वारा नव्हता, पाणी स्थिर होते, आणि मला एक बारीक आवाज ऐकू आला. घड्याळासारखा. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हते.

"तें ताचें काळीज," मागून आवाज आला. त्याची बायको सुमन चहाची किटली घेऊन आली होती. "लोखणाचें दार बसयलां आंत. उगडटा, धांपता. आमकां सवय जाल्या. पावण्यांक भंय दिसता."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "दोतोर आयले. बरें जालें. तीन वर्सां वाट पळयतालीं आमी."

"सुमन," शाणू म्हणाला.

"कितें सुमन? चा घेयात दोतोर. पोयो हाडल्या, पोदेराकडली. आमच्याकडे तुमचेसारखी चपाती ना सकाळची."

पोयो म्हणजे इथला पाव, आणि पोदेर म्हणजे तो भाजणारा. मी केळ्यांची पिशवी पुढे केली. तिने आत पाहिले आणि तिला हसू आवरेना. "हीं शिजवपाचीं! कोणें गळ्यांत मारलीं तुमच्या?" मग तिच्या लक्षात आले की आपण हसतो आहोत, आणि तिने पिशवी बाजूला ठेवली.

बांधावर बसून चहा संपवला. पुढे ढकलण्यासारखे काही उरले नाही. मी सांगायला सुरुवात केली. जिवाणूचे, बोटाचे, रक्ताचे. भिंतीवरच्या वृक्षाचे. शाणू पाण्याकडे बघत ऐकत होता.

"म्हणजे गाद्याचेंच तें?" त्याने विचारले.

"त्याच गाद्याचे. दुसऱ्या कुठल्या गाद्याचे नाही, माशाचे नाही, डुकराचे नाही. आम्ही अक्षर अक्षर लावून पाहिले. जवळजवळ सगळे जुळले."

"इतलें कळटा?"

"कळते."

"आनी माज्या आंगांतलें थंय तुमच्या भिंतीर आसा?"

"आहे. नाव नाही घातलेले."

"घालूंक जाय आसलें," म्हणजे घालायला हवे होते, तो म्हणाला, आणि जरासा हसला. "केन्ना कळलें तुमकां?"

हा प्रश्न येणार हे मला पुण्याहून निघताना माहीत होते. उत्तराची तयारी मी गाडीत केली होती. अहवाल कच्चा होता, वरिष्ठांची परवानगी नव्हती, रुग्णाची माहिती गुप्त असते. यातले सगळे खरे होते. 

"दोन वर्षांपूर्वी," मी म्हणालो.

शाणूच्या छातीतला आवाज तेवढा चालू होता. थोडा जलद झाला असे मला वाटले, पण ते माझ्या कानांचे असेल.

"दोन वर्सां!" सुमन म्हणाली. "दोन वर्सां हांव देवाक दिवो लायतां, म्हणटां आमचें चुकलें, भोगस. मेल्ल्या गाद्याची माफी मागतां. रातचो हो झोपेंतल्यान उठून हात धुता. आनी तुमकां थंय खबर आसलें!"

"हो."

"कित्याक सांगूंक ना?"

"भीती वाटली."

"कोणाची? ताची? ताका तर उठून बसूंक येनाशिल्लें!"

माझी नोकरी, विभागाची चौकशी, पिशवीतले तीन जोड हातमोजे, यांची भीती. मी ते सगळे सांगितले, हातमोज्यांचेही. आणि मी डॉक्टर नाही, कधीच नव्हतो, हे सांगितले. ते ऐकून शाणूने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिले.

"न्हय? तुमी दोतोर न्हय?"

"नाही."

"आनी तुमी म्हटलें, खाऱ्या उदकान धू."

"हो."

"हांवें धुलें," तो म्हणाला. "चार दीस धुलें. दर सकाळीं."

एक खंड्या दाराच्या फळीवर येऊन बसला आणि उडून गेला. शाणूने उठून दारांची कडी तपासली. ती नीट होती. परत येऊन बसला.

मी विचारले, "नारळ मी थांबवला होता. तू गावात ते सांगितले नाहीस का?"

"ना."

"का?"

"पावण्याचें नांव गाराण्यांत घालीनांत."

"हेंच तें!" सुमन उसळली. "हांवें कितले फावट सांगलें! म्हणटा, पावणो तो, ताचें बरें-वायट देवामुखार उलोवचें न्हय. आपल्या माथ्यार घेतलें आनी दोरी सोडली. बापायची दोरी!"

"जालें मगे," शाणू म्हणाला.

"जालें ना!" ती माझ्याकडे वळली. "तुमी हांगां येवन सांगलें. आतां तुमकां हलकें दिसता. आमकां?"

मी शाणूकडे पाहिले. त्याने रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ती खरें सांगता. माका सांगलें तें बरें केलें. पूण दोरी हांगां ना. दोरी थंय आसा."

रविवारच्या रात्रीच्या गाडीचे माझे परतीचे तिकीट होते. सोमवारी आमच्या विभागाच्या मॅडमसमोर नव्या नमुन्यांची यादी ठेवायची होती. मी बांधावरूनच मॅडमना फोन केला आणि म्हणालो, दोन दिवस येत नाही, आल्यावर एक गोष्ट सांगायची आहे. त्यांनी विचारले, तब्येत बरी आहे ना? मी म्हणालो, माझी बरी आहे.

परत किनाऱ्यावर

रविवारी तुळशीच्या लग्नामुळे रापण नव्हती. सोमवारी सकाळी होडी आत जायच्या आधी मी रापणीच्या माणसांपुढे उभा राहिलो. ते दोरीच्या वेटोळ्यांवर, होडीच्या कडेवर, जिथे जागा मिळेल तिथे बसले होते. रस्ताभर जुळवलेले सगळे मी बोललो. जिवाणू, त्याची भावकी, माशावरचा वेगळा आणि गाद्यातला वेगळा, शाणूच्या रक्तात सापडला तो गाद्यातला. शाप नाही, रोग आहे. हातमोजे दिले असते तर झाला नसता. माझे बोलणे त्यांनी फार सभ्यपणे ऐकून घेतले. पावसाळ्याचा अंदाज ऐकतात तसे.

"आमचीं बोटां सदांच फुटतात," एकजण म्हणाला. "आमकां ना तो जाल्लो जिवाणू."

"तुजें रगत पियेल्यार जिवाणूच मरतलो," दुसरा म्हणाला. मागे हशा झाला.

माझा धीर गेला. मी सगळे खरे सांगितले होते आणि त्याने दोरी तसूभरही हलली नव्हती. सोनू तांडेल हसला नव्हता. तो काडीने वाळूत रेघा मारत होता.

"तें जावं," तो म्हणाला. "माका एक सांगात. नारळ थांबोव म्हणून कोणें सांगलें?"

"मी."

काडी थांबली. "शाणून न्हय?"

"नाही. शाणूने नारळ आणला होता. त्याच्या हातात होता. मी म्हणालो, नंतर दे, आधी काम."

"आनी तेणें आयकलें?"

"मी दोतोर आहे असे समजून ऐकले."

"समजून म्हणजे? तुमी दोतोर न्हय?"

"नाही. मी बाटल्या धुणारा माणूस आहे."

"गाद्याचो कंपाउंडर!" मागून कोणीतरी म्हणाले. या वेळी कोणी हसले नाही.

"शाणून हें आमकां कदीं सांगूंक ना," सोनू म्हणाला.

"पाहुण्याचे नाव गाराण्यात घालत नाहीत, म्हणाला."

सोनूने काडी टाकून दिली. त्याच्या बाजूला बसलेले दोघे-तिघे आपापसांत हळू आवाजात काही बोलले. दोन वर्षे ज्या माणसाच्या हाताला दोरी लागू दिली नाही, त्याने एवढे पोटात ठेवले, हे प्रत्येकाच्या मनात उतरायला वेळ लागत होता. मी ते त्यांच्या तोंडांवर पाहिले. माझ्या वृक्षाने जे झाले नाही ते त्या नारळाने झाले.

"आमी पावण्याचें नांव घालीनांत," सोनू शेवटी म्हणाला. "पूण पावणो आपणच दिता जाल्यार?" त्याने बाकीच्यांकडे पाहिले. कोणी नाही म्हटले नाही. मग मला विचारले, "दितात?"

मी देव मानत नाही असे वीस वर्षे सांगत आलो आहे. "देतो," मी म्हणालो.

वाळूच्या वर माडांत राष्ट्रोळी या राखणदार देवाची घुमटी आहे. सगळे तिकडे गेले. गुरवाला बोलावून आणले. सोनूने माझे नाव विचारले, वडिलांचे विचारले, गाव विचारले. पुणे म्हटल्यावर मान हलवली. "तें रावपाचें. मुळाचें खंयचें?" माझ्या गावाचे नाव त्याच्या तोंडी येईना. त्याने ते तीनदा म्हणून घेतले. देवाला चुकीचा पत्ता जाऊ नये, असा त्याचा चेहरा होता. मग हात जोडून त्याने मोठ्याने सुरू केले.

"देवा म्हाराजा! ह्या दर्यार गादो लागलो, तेका नारळ पावलो ना!"

"व्हय म्हाराजा!"

"तो अपराध आमी शाणूच्या माथ्यार घातलो!"

"व्हय म्हाराजा!"

"तो शाणूचो न्हय! तो ह्या पावण्याचो!" आणि माझे नाव, बापाचे नाव, गाव. त्या माडांत आमच्या गावाचे नाव याआधी कोणी उच्चारले नसेल. "आपल्या तोंडान सांगता! तेका जें कितें दिवपाचें तें तूं दी! शाणूक मेकळो कर!"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी अजून म्हटले नव्हते. 

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

गुरवाने पाषाणाला दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी लावताना त्याने पाणी जरा कमी घेतले असे मला वाटले. नमुने घेण्याच्या कामात राहून अशा गोष्टींकडे लक्ष जाते. उजवी पडली. मी काही बोललो नाही.

सोनूने कोणाकडून तरी फोन घेतला, शाणूचा नंबर लावून घेतला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"शाणू रे, सोनूकाका उलयतां. उजवी पडली."

पलीकडे काहीच नाही.

"आयकलें मरे? पावण्यान आपलें नांव दिलें. ओडपाक येवं नाका, हॉस्पितालांतल्या दोतोरान ना म्हटलां, माका खबर आसा. मासळी पळोवपाक ये. माज्या दोळ्यांक आतां उदकाचो रंग दिसना. तूं वयर बस, हात कर, आमी होडी घालतलें."

फोन लागला आहे की तुटला, म्हणून सोनूने तो कानाला लावून पाहिला, परत पुढे धरला. मागे सुमनचे बोलणे ऐकू आले, शब्द कळले नाहीत. मला वाटले, तो माझ्याबद्दल काही विचारील. त्याने विचारले नाही.

"काका," शाणू म्हणाला, "वारो खंयचो आसा आज?"

सोनूने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. मग तो घुमटीच्या पायऱ्या उतरून वाळूवर गेला आणि हात उंच करून फोन दर्याकडे धरून उभा राहिला.